कॉम्प्युटरवर पहिले, मोबाईलवर गायब: दर मार्चला परत येणारी तक्रार

फेब्रुवारी उतरणीला लागला, दुपारी पंख्याने भागेनासं झालं, की नागपुरातल्या लहान दुकानांच्या वेबसाइट बघणाऱ्या मला एकाच धाटणीचे फोन सुरू होतात. यंदाचा पहिला फोन महालातल्या कूलरवाल्या काकांचा होता. "बेटा, दुकानातल्या कॉम्प्युटरवर गूगलमध्ये आपलं नाव पहिलं येऊन राहिलं. पण पोरगा मनीषनगरहून मोबाईलवर पाहते तर दिसतच नाही. गेल्या साली तू ठीक केलं होतं ना? मंग पुन्हा काहून झालं?"

त्यांचा शेवटचा प्रश्न मला लागला, कारण तो रास्त होता. गेल्या वर्षी मी जे दुरुस्त केलं ते त्या दिवशी समोर दिसत होतं तेवढंच. तक्रार दर वर्षी येते, म्हणजे तिचं मूळ जागेवरच आहे. या खेपेला मी घाई न करता एकेक धागा उकलला. नागपुरातल्या बऱ्याच लहान दुकानांच्या साइटमध्ये हेच धागे सापडतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

काय दिसत नाही, ते आधी ठरवा

"गूगलवर दिसत नाही" या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. दुकानाचं नाव टाकूनही साइट येत नाही, ही पहिली. "कूलर दुरुस्ती नागपूर" असं शोधल्यावर नकाशाखाली जी तीन दुकानं येतात त्यात आपण नसतो, ही दुसरी. आणि त्या नकाशाच्या खाली साइटची जी यादी येते तिच्यात आपण मागे पडलोय, ही तिसरी. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. नकाशातलं स्थान मुख्यतः गूगल बिझनेस प्रोफाइलवर, म्हणजे गूगलवरच्या दुकानाच्या नोंदीवर ठरतं, खालच्या यादीतलं स्थान साइटच्या पानावर. वेबसाइटचा रंगरूप बदलून नकाशात वर येण्याची वाट पाहणारे बरेच जण मी पाहिलेत. त्यात त्यांचे पैसे जातात आणि हंगामही जातो.

काका दुकानात बसून दुकानाचंच नाव टाइप करत होते. पोरगा मनीषनगरात "कूलर रिपेअर" बोलून शोधत होता. शब्द वेगळे आणि जागाही वेगळी, तेव्हा या दोघांची तुलनाच होत नाही.

जागेचा भाग नीट समजून घ्या. नकाशातला क्रम तीन गोष्टींवर ठरतो, असं गूगल स्वतः सांगतं: शोधलेल्या गोष्टीशी दुकानाचा संबंध किती, शोधणाऱ्यापासून दुकान किती दूर, आणि दुकानाची ओळख किती पसरलेली. महालातलं दुकान मनीषनगरातल्या माणसाला सात-आठ किलोमीटर दूर पडतं. तिथल्या फोनवर त्याच्या आसपासचे कूलरवाले आधी दिसणारच. फोनला जीपीएसमुळे गल्लीपर्यंतची जागा कळते. दुकानातल्या कॉम्प्युटरची जागा मात्र गूगल बहुतेक वेळा इंटरनेट कनेक्शनवरून अंदाजाने धरतं, आणि तो अंदाज कधी "नागपूर" असा ढोबळ असतो, तर कधी चक्क मुंबई-पुण्याचा. शोधनिकालाच्या अगदी तळाशी गूगलने धरलेली जागा लिहिलेली असते. तक्रार करण्याआधी ती ओळ वाचा. काहींना वाटतं इन्कॉग्निटो विंडोत शोधलं की खरा क्रमांक कळतो. तिथे तुमचा जुना इतिहास गळतो, जागा गळत नाही.

मी आता चार ओळखीच्यांना एकाच दिवशी, एकाच वेळी, तेच तीन शब्दसमूह शोधून स्क्रीनशॉट पाठवायला सांगतो. एक महालात, एक धरमपेठेत, एक मनीषनगरात, एक कामठी रोडला. एवढ्यानेच अर्धी भांडणं मिटतात.

सर्च कन्सोलमधला सरासरी क्रमांक

स्क्रीनशॉट हा अंदाज झाला, हिशेब सर्च कन्सोलमध्ये मिळतो; साइट कोणत्या शोधात, कितव्या जागी दिसली ते साइटच्या मालकाला दाखवणारं हे गूगलचं साधन. परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा, डिव्हाइसचा फिल्टर लावून मोबाईल आणि डेस्कटॉप वेगळे करा. हंगामी धंद्यात मार्चची तुलना फेब्रुवारीशी करू नका, ती गेल्या वर्षीच्या मार्चशी करा. तिथे १६ महिन्यांचा डेटा राहतो, त्यामुळे हे सहज जमतं.

सरासरी क्रमांक मात्र जपून वाचा, त्यात लोक फार फसतात. समजा गेल्या वर्षी साइट फक्त दुकानाच्या नावावर दिसत होती, सरासरी आली १. यंदा "कूलरचा पंप बदलणे" यावरही ती अठराव्या जागी दिसू लागली. सरासरी घसरली, पण तुमचं काहीच गेलं नाही, उलट एक नवं दार उघडलं. म्हणून आकडा एकेका शब्दसमूहासाठी स्वतंत्र काढायचा. कूलर दुरुस्तीसारखी गोष्ट लोक कॉम्प्युटरवर शोधतच नाहीत म्हटलं तरी चालेल. घरात पंप बंद पडला की माणूस खिशातला फोन काढतो. त्यामुळे डेस्कटॉपचे आकडे इवलेसे असतात आणि त्यात दुकानाने स्वतःच केलेले शोधही मिसळलेले असतात. पाच-दहा शोधांवरून काढलेल्या क्रमांकावर काही ठरवू नये.

बिझनेस प्रोफाइलमधल्या वेबसाइटच्या दुव्याला यूटीएम खूण (माणूस कुठून आला ते सांगणारी, दुव्याला जोडलेली शेपटी) लावून ठेवा. मग नकाशातून आलेली माणसं आणि खालच्या यादीतून आलेली माणसं रिपोर्टात वेगवेगळी दिसतात. पाच मिनिटांचं काम आहे. वर सांगितलेल्या तीन तक्रारी वेगळ्या करायला याच्याइतकी उपयोगी दुसरी गोष्ट मला सापडलेली नाही.

मोबाईलचं पान हेच गूगलचं पान

काकांच्या रिपोर्टात एक गोष्ट खटकली. "कूलरच्या ताट्या" (कूलरच्या बाजूच्या, पाण्याने भिजणाऱ्या जाळ्या) या शब्दावर साइट मोबाईल आणि डेस्कटॉप, दोन्हीकडे मागच्या मार्चपेक्षा खाली गेली होती. डेस्कटॉपच्या पानाला तर कोणी हातही लावलेला नव्हता.

कारण इथे आहे. गूगल साइट वाचतं ती फोनच्या नजरेने. मोबाईल-फर्स्ट इंडेक्सिंगची घोषणा २०१६ साली झाली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते काम पूर्ण झाल्याचं गूगलने कळवलं आणि जुलै २०२४ पासून उरलेल्या मोजक्या साइटही स्मार्टफोनवाल्या गूगलबॉटकडे (साइट वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रॅमकडे) गेल्या. म्हणजे कॉम्प्युटरवर शोधणाऱ्यालाही जो निकाल दिसतो, तो तुमच्या मोबाईल पानावरच्या मजकुरावरून. डेस्कटॉपवर घसरण दिसली तरी आधी मोबाईल पान उघडायचं, ते यासाठी.

गेल्या पावसाळ्यात कोणीतरी काकांची साइट "मोबाईलसाठी हलकी" करून दिली होती. कॉम्प्युटरवर ताट्या बदलण्याचे दर, पंप आणि मोटरचे दर, कोणकोणत्या भागात माणूस घरी येतो, टाकी गळत असेल तर काय करायचं, असं सगळं होतं. मोबाईलवर सर्व्हर दुसरंच पान पाठवत होता: एक मोठा फोटो, पत्ता आणि कॉल करायचं बटण. "ताट्या" हा शब्दच त्या पानावर नव्हता.

इथे एक बारकावा आहे. मजकूर पानातच आहे आणि तो फक्त "अधिक वाचा"च्या घडीत मिटलेला आहे, तर गूगल तो वाचतं. मोबाईलला पाठवलेल्या कोडमधून मजकूर काढूनच टाकला असेल, तर तो गेलाच. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. फरक ओळखायचा असेल तर सर्च कन्सोलमध्ये पानाचा पत्ता टाकून लाइव्ह टेस्ट चालवा आणि तपासलेल्या पानाचा कोड उघडून तुमचा महत्त्वाचा शब्द शोधा. सापडला तर ठीक. नाही सापडला तर बाकी कशालाही हात लावण्याआधी मजकूर मोबाईल पानावर परत आणा.

तिथेच आणखी एक नजर टाका. पानावर नोइंडेक्सची, म्हणजे "हे पान शोधात घेऊ नका" असं सांगणारी खूण राहिली आहे का? वर्डप्रेसमध्ये (साइट बनवायच्या प्रणालीत) सेटिंग्जच्या रीडिंग विभागात शोधयंत्रांनी साइट घेऊ नये असा एक चौकोन असतो. नवं डिझाइन चालू असताना तो टिक करतात आणि नंतर विसरतात. दुकानाचं नाव टाकूनही साइट येत नसेल, तर मी सगळ्यात आधी हाच चौकोन पाहतो.

दुकानात मराठी, फोनवर भलतंच

मोबाईल पानावर पूर्ण मजकूर आणला आणि काकांच्या पोराला उघडायला सांगितलं. त्याने स्क्रीनशॉट पाठवला. दरपत्रकाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा निव्वळ कचरा. जिथे "कूलर" असायला हवं तिथे डी, डब्ल्यू, वाय, जे अशी चार अक्षरं. दुकानात फोन केला तर काका म्हणाले, "इथं तर बरोबर दिसून राहिलं."

दोघंही खरं बोलत होते. दरपत्रक कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेलं होतं. फ्लेक्ससाठी केलेली जुनी फाइल, तीच उचलून साइटवर चिकटवलेली. कृतिदेवात आतून अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. कृतिदेवात डी म्हणजे क, डब्ल्यू म्हणजे दीर्घ उकार, वाय म्हणजे ल, जे म्हणजे र. दुकानाच्या कॉम्प्युटरवर हा फॉन्ट बसवलेला असल्याने तिथे सुरेख मराठी दिसतं. मनीषनगरच्या फोनवर तो फॉन्ट नाही. गूगलला तर फॉन्टशी देणंघेणंच नाही, ते आतली अक्षरं वाचतं. काकांच्या साइटवर "कूलर" हा शब्द अनेक ठिकाणी होता, पण गूगलच्या लेखी दरपत्रकात एकदाही नव्हता.

विदर्भात पत्रिका, फ्लेक्स, पावतीपुस्तकं करणाऱ्यांकडे अजून कृतिदेव आणि श्रीलिपीच्या फायली ढिगाने आहेत, त्यामुळे हा दोष मला वारंवार भेटतो. तपासायची सोपी रीत अशी: पानावरचा एखादा मराठी शब्द कॉपी करा आणि व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठीच उमटला तर युनिकोड आहे, म्हणजे आतून अक्षरंही मराठीच आहेत. इंग्रजी अक्षरं उमटली तर तो मजकूर गूगलसाठी अस्तित्वातच नाही.

युनिकोडात बदलणारी कन्व्हर्टर साधनं फुकट मिळतात, पण निकाल डोळ्यांखालून घालाच. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागचे हलतात. "किंमत" आणि "सर्व्हिस" हे दोन शब्द तपासून बघा, तिथे गडबड नसेल तर बाकीचंही बहुधा नीट आलेलं असतं. दरपत्रकाचा फोटो लावणं हा तोडगा नव्हे. फोनवर तो बोटांनी मोठा करून वाचावा लागतो आणि मजकुराचं काम फोटो करत नाही.

शब्दांबद्दलही सांगतो. आपल्याकडे माणूस "दुरुस्ती" लिहितो, "रिपेअर" बोलतो आणि रोमन अक्षरांत टाइप करतो, तिन्ही करतो. पानावर हे शब्द ओघात यावेत: शीर्षकात एक, पहिल्या परिच्छेदात दुसरा, इंग्रजी ओळीत तिसरा. एकाच ओळीत वीस वेळा कोंबले तर वाचणाऱ्याचा विश्वास जातो आणि गूगल त्याला स्पॅम धरतं.

"पुन्हा काहून झालं?" याचं उत्तर

ते साइटच्या पत्त्यातच लिहिलेलं होतं. दर वर्षी मार्चमध्ये काका नव्या दरांचं नवं पान करून घेत. पत्त्यात कूलर आणि ते साल. नवीन पान चढलं की जुनं डिलीट. त्यामुळे २०२३ च्या पानाने हंगामभर मिळवलेलं सगळं २०२४ च्या मार्चमध्ये पुसलं गेलं. त्या पानाला एका सोसायटीच्या साइटने दुवा दिला होता, तो दुवा "पान सापडत नाही" वर जाऊन थांबला. नवीन पान गूगलला आधी सापडायचं, मग वाचलं जायचं, मग त्याची किंमत ठरायची. ते होईस्तोवर नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) येऊन जायचा. पुढच्या मार्चला पुन्हा पाटी कोरी.

उपाय असा. पान एकच ठेवायचं आणि पत्त्यात साल घालायचं नाही. दर बदलले की त्याच पानावर बदलायचे. जुन्या सालांचे जेवढे पत्ते आठवतील तेवढे ३०१ रीडायरेक्टने, म्हणजे कायमच्या वळणाने, त्या पानाकडे वळवायचे. ही वळणं किमान वर्षभर ठेवावीत असं गूगल सांगतं, मी ती कायमची ठेवतो. सगळे जुने पत्ते मुख्यपृष्ठाकडे वळवू नका. मुख्यपृष्ठावर त्या विषयाचं काही नसेल तर गूगल ते वळण हरवलेल्या पानासारखंच धरतं. जुने पत्ते आठवत नसतील तर सर्च कन्सोलच्या पानांच्या रिपोर्टात "सापडलं नाही" खाली बघा, बरेच तिथे मिळतात.

हिवाळ्यात पान उतरवायचंही नाही. काकांच्या पानावर आता ऑक्टोबरसाठी टाकी धुऊन, पंप काढून, कूलर कोरडा करून झाकून देण्याच्या सेवेचा परिच्छेद आहे. ते काम ते आधीपासून करत होते, फक्त कुठे लिहिलेलं नव्हतं.

असाच तुटलेला आणखी एक पत्ता नागपुरात खूप दुकानांच्या कार्डावर अजून आहे. गूगल प्रोफाइलमधून फुकट बनणारी साइट मार्च २०२४ मध्ये बंद झाली आणि तिची वळणंही १० जून २०२४ नंतर थांबली. पाटीवर, बिलावर, जस्टडायल किंवा इंडियामार्टच्या नोंदीत तो पत्ता असेल तर बदला. तिथेच ०७१२ चा बंद पडलेला लँडलाइन नंबर असेल तर तोही काढा.

वेग किती महत्त्वाचा

आहे, पण लोक धरतात तितका नाही. गूगलचे मोजमाप असे: पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा, आणि पान उघडताना मजकूर उड्या मारू नये, त्याचा अंक ०.१ च्या आत राहावा. शंभरपैकी शंभर गुण मिळवण्यात महिना घालवू नका, मजकूर बरोबर नसेल तर वेगाने काही साधत नाही. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजणाऱ्या साधनात लहान साइटच्या खऱ्या वापरकर्त्यांचा डेटा बहुतेक वेळा नसतोच, तिथे दिसतो तो चाचणीतल्या फोनचा अंदाज.

काकांच्या पानावर चार एमबीचा कूलरचा फोटो होता, थेट कॅमेऱ्यातून आलेला. तो वेबपीमध्ये (फोटो हलका ठेवणाऱ्या प्रकारात), ८०० पिक्सेल रुंद केला, कोडमध्ये रुंदी-उंची लिहिली म्हणजे पान हलणार नाही, आणि त्या पहिल्याच फोटोवर लावलेलं लेझी लोडिंग (फोटो गरज पडेल तेव्हाच उशिरा आणण्याची सोय) काढलं. एवढं पुरलं.

मनीषनगरचा पत्ता

साइट सावरली तरी मनीषनगरातून नकाशात काकांचं दुकान खालीच राहिलं. काका म्हणाले, "तिकडं माह्या साळ्याचं किराणा दुकान आहे. त्याचाच पत्ता टाकून दुसरं खातं काढू काय?"

मी हात जोडून नको म्हटलं. जिथे आपला माणूस बसत नाही, गिऱ्हाईक घेत नाही, तो पत्ता प्रोफाइलवर टाकणं नियमाविरुद्ध आहे. पडताळणीसाठी हल्ली बहुतेकदा जागेचा व्हिडिओ मागतात, त्यात पाटी, आतला माल, सगळं दाखवावं लागतं. खातं निलंबित झालं तर ऐन एप्रिलमध्ये फोन थांबतो. दुकानाच्या नावापुढे "स्वस्त कूलर दुरुस्ती नागपूर" जोडणंही याच माळेतलं. प्रोफाइलवर पाटीवर आहे तेच नाव लिहा. तसंच मनीषनगर, बेसा, हिंगणा, सदर अशी फक्त भागाचं नाव बदललेली चाळीस पानंही करू नका, गूगलच्या स्पॅम धोरणात त्यांना स्पष्ट मनाई आहे.

त्याऐवजी प्रोफाइलचा मुख्य वर्ग बदलला. तो नुसता "दुकान" असा होता, तो उपकरण दुरुस्ती सेवेचा केला. सेवा देण्याचे भाग भरले, तिथे वीसपर्यंत भाग घालता येतात. उन्हाळ्यातल्या रविवारच्या वेळा टाकल्या, कारण रविवारी दुकान उघडं असूनही फोनवर "बंद" दिसत होतं. पोराला सांगितलं की बेसा-मनीषनगरात काम झालं की त्या गिऱ्हाइकाला अभिप्रायाचा दुवा पाठव, काय काम झालं ते त्यांच्या शब्दांत लिहू दे. अभिप्रायाच्या बदल्यात सूट द्यायची नाही, नाराज गिऱ्हाइकाला वगळायचं नाही, दोन्ही नियमात बसत नाही.

आणि साइटच्या त्या एका पानावर मनीषनगरातल्या खऱ्या कामांचा भाग सुरू केला: तिसऱ्या मजल्यावर टाकीत पाणी चढत नव्हतं, पंप बदलला, इतका खर्च आला. नकाशात अंतर आडवं येतं, खालच्या यादीत ते तेवढं आडवं येत नाही. मनीषनगरातून फोन मिळवायची काकांची वाट या पानावरून जाते.

बदल केल्यावर सर्च कन्सोलमधून पान पुन्हा तपासायची विनंती टाकली. त्यानंतर काही दिवस ते काही आठवडे लागतात, म्हणून हे सगळं मार्चमध्ये करण्यात अर्थ नाही. काकांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर संक्रांतीनंतरच्या सोमवारी आता खूण आहे. त्या दिवशी दर बदलायचे, त्याच पानावर, आणि पोराने मनीषनगरातून आपल्या फोनवर पान उघडून एक शब्द कॉपी करून वडिलांना व्हॉट्सॲपवर पाठवायचा.